सूर्य मावळण्याच्या आत मजुरी: मुक्तीच्या ईशज्ञानाच्या रीतीने गटाने बायबल कसे वाचावे

बायबल उघडण्याआधी खोलीत कोण बसले आहे ते पाहा. लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे मुक्तीचे ईशज्ञान (गरिबांच्या बाजूने देवाचा आणि बायबलचा विचार करण्याची ख्रिस्ती परंपरा), या रीतीने वाचायचे असेल तर पहिली तयारी हीच आहे. पुस्तके आणि टीकाग्रंथ नंतर येतात. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत वाचनाची बैठक ठरली की सहसा शिक्षक, नर्स, निवृत्त कारकून अशी मंडळी जमतात. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून आलेले भिल्ल, भिलाला, बारेला मजूर त्याच वेळी कुठल्यातरी चौकात कामाची वाट पाहत उभे असतात, आणि त्या दिवशी वाचायच्या दाखल्यातही, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेतही, नेमके मजूरच उभे असतात. त्यांच्याशिवाय तो दाखला वाचता येतो, पण मग ‘उभे राहणे’ हा शब्द कोणालाच अडत नाही.

गट ८ ते १२ जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात दोन-तीन माणसेच बोलतात. निदान एक तृतीयांश लोक रोजंदारीवर, घरकामावर, सफाईच्या कामावर जगणारे असावेत. त्यांना आपल्या दिवाणखान्यात बोलावू नका. तिथे ती खुर्चीच्या कडेवर बसतात आणि प्रत्येक गोष्टीला ‘हो जी’ म्हणतात. त्यांच्या खोलीत, वस्तीच्या ओट्यावर किंवा पॅरिशच्या हॉलमध्ये जमिनीवर सतरंजी टाकून सगळ्यांनी एकाच पातळीवर बसा. वेळही त्यांनाच विचारून ठरवा. घरकामाच्या बायांना दुपारी दोन ते चार ही फट मिळते, बांधकामावरच्या माणसांना रात्री साडेसातनंतर. दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. दिवसभर घमेली उचललेल्या माणसाचे डोळे मिटायला लागतात.

इतर धर्मांचे शेजारी आले तर आनंदाने बसवा, पण कोणाच्या श्रद्धेवर टीका नको आणि मदतीचे आमिष तर मुळीच नको. मध्य प्रदेशात आमिषाने धर्मांतर करण्याला बंदी घालणारा २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा आहे, हे यजमानाने लक्षात ठेवायला हवे. आणि कायदा नसता तरी आमिष वाईटच.

ही रीत आली कुठून ते थोडक्यात सांगतो. बेल्जियमचे योसेफ कार्डिन यांनी तरुण कामगारांसाठी ‘पाहा, पारखा, करा’ अशी तीन पावले घालून दिली. १९६८ साली कोलंबियातल्या मेडेलिन शहरी लॅटिन अमेरिकेचे कॅथलिक बिशप जमले आणि गरिबीला त्यांनी अन्यायाचे नाव दिले. १९७१ मध्ये पेरूचे फादर गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा या ईशज्ञानाचा मूळ ग्रंथ आला. ब्राझीलमध्ये कार्लोस मेस्टर्स यांनी निरक्षर शेतकऱ्यांच्या गटांसाठी तीन बाजू धरून वाचन शिकवले: लोकांचे जगणे, श्रद्धावंतांचा समुदाय आणि मजकूर. आपल्याकडे पुण्यात फादर जॉर्ज सोआरेस-प्रभू यांनी शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाची बायबलमधली पुस्तके: मत्तय, मार्क, लूक, योहान) भारतीय गरिबांच्या बाजूने शिकवली, आणि १९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मळ यांनी दलित ईशज्ञानाची वाट उघडली. एवढे माहीत असले की सुरुवात करता येते.

पहिली पस्तीस मिनिटे: जगणे

पुस्तक बंद असू द्या. एक साधी वही घ्या आणि उघडलेल्या दोन पानांवर दोन वेगळ्या गोष्टी लिहा. डाव्या पानावर या आठवड्यात काय घडले ते: तारीख, रक्कम, ठिकाण. उजव्या पानावर ‘का’. मते दोन्हीकडे नकोत. ‘ठेकेदार लोक वाईटच’ हे मत झाले. ‘पाचशे ठरले होते, चारशे दिले’ ही नोंद झाली.

‘का’ एकदाच विचारून थांबलात तर उत्तर नेहमी एखाद्या माणसाच्या स्वभावावर येऊन अडकते: तो लबाड आहे, हा दारू पितो. म्हणून चार-पाच वेळा विचारा. शंभर का कापले? मुकादमाने कापले. त्याने का कापले? त्याला पेटी ठेकेदाराने, म्हणजे छोट्या उपठेकेदाराने, कमी दिले. पेटी ठेकेदाराला मुख्य ठेकेदाराने उशिरा दिले, आणि मुख्य ठेकेदाराचे बिल बिल्डरकडे अडकले. आता शंभर रुपये कोणत्या चार हातांतून गळाले ते दिसते, आणि सगळ्यांत शेवटी उभ्या असलेल्या माणसाने हिशेब कुठे मागायचा हा खरा प्रश्न समोर येतो. पुढच्या सगळ्या वाचनाची जमीन हीच. हे पाऊल घाईने उरकलेत तर मजकुरातून फक्त दयेचा उपदेश निघेल.

ज्याच्यावर गुदरले आहे त्याने सांगायचे, शिकलेल्याने लिहायचे. उलटे करू नका.

मग मजकूर: तीनदा वाचन

एका बैठकीला एकच उतारा, फार तर सोळा-सतरा वचनांचा (वचन म्हणजे बायबलमधले क्रमांक घातलेले वाक्य). हे पारायण नाही; किती अध्याय झाले याला इथे मोल नाही. आधी मराठीतून वाचा. मग हिंदीतून, कारण निमाडी, भिली, बारेली बोलणाऱ्यांचा आणि मराठी घरांचा सांधा इंदुरात हिंदीनेच जुळतो. तिसऱ्या वेळी पुस्तक मिटून एखाद्याने ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, आणि बाकीच्यांनी गाळलेले भरायचे. काय गाळले गेले ते वहीत टिपून ठेवा. बहुधा तिथेच आपली सवय लपलेली असते.

छापील बायबलमधली ठळक शीर्षके कागदाच्या पट्टीने झाका. ती मूळ मजकुरात नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले. शीर्षक आणि अध्याय मिळून अर्थ आधीच ठरवून टाकतात. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे मार्कमधली विधवा. ‘विधवेचे दान’ या शीर्षकाखाली ती गोष्ट दानपेटीच्या दिवशी वाचली जाते: पाहा, गरिबाने सर्वस्व दिले, तुम्हीही द्या. आता पट्टी लावून मार्क १२:३८ (अध्याय १२, वचन ३८) पासून १३:२ पर्यंत सलग वाचा. आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल, म्हणजे यहूदी नियमशास्त्राच्या पंडितांबद्दल, सावध करतो. लगेच एक विधवा आपली सगळी उपजीविका, दोन बारकी नाणी, मंदिराच्या पेटीत टाकते. आणि लगेच तो म्हणतो की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. तिच्या श्रद्धेचा मान राहतोच, पण तिच्याकडून शेवटची दोन नाणी घेणाऱ्या व्यवस्थेवर येशू खूष आहे असे मग म्हणता येत नाही. घरकाम करणारी बाई हे पट्टी लावल्यावर पाच मिनिटांत पकडते.

भाषांतरातल्या शब्दांकडेही एक डोळा असू द्या. मत्तय ५:६ मध्ये मराठीत ‘नीतिमत्त्वाचे भुकेले’ वाचताना मनात येते ते वैयक्तिक सदाचरण. मूळ ग्रीक शब्द ‘दिकायोसिने’ यात सदाचरण आणि न्याय दोन्ही आहेत. दोन्ही शब्द घालून वचन वाचून पाहा. तसेच मत्तयात ‘आत्म्याने दीन’ आहेत, लूक ६:२० मध्ये नुसते ‘दीन’. लूकचा शब्द ‘प्तोखोस’ हा कष्ट करून कसेबसे भागवणाऱ्यासाठी नाही. मागून खाण्याची पाळी आलेल्या, वाकून बसलेल्या माणसासाठी आहे. सभ्य मंडळी लूकचे वचन नकळत मत्तयासारखे म्हणून जातात. ऐकू आले तर थांबवा.

एक उतारा जवळून: मत्तय २०:१–१६

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा हा दाखला पहिल्या बैठकीसाठी आम्ही मुद्दाम सुचवतो, कारण त्यात वेळ, पैसा आणि माणसे मोजता येतात. मोठ्या कागदावर तक्ता काढा. मालक पाच वेळा बाहेर पडतो: पहाटे, तिसऱ्या तासाला म्हणजे सकाळी नऊला, दुपारी बाराला, तीनला आणि अकराव्या तासाला म्हणजे संध्याकाळी पाचला. प्रत्येक वेळेसमोर लिहा: करार काय झाला? पहाटेच्यांशी एक दिनार ठरला. नऊवाल्यांना नुसते ‘योग्य ते देईन’ म्हटले. पाचवाल्यांना पैशाचे काहीच सांगितले नाही. तरी ते गेले. का गेले, हे चौकात उभे राहणाऱ्याला विचारा. इकडे रोजंदारीला दाडकी म्हणतात. दाडकीला निघालेला माणूस पाच वाजेपर्यंत रिकामा राहिला तर घरी कोणत्या तोंडाने जातो, ते तो सांगेल.

मग सहाव्या-सातव्या वचनांवर थांबा आणि इथे घाई करू नका. ‘दिवसभर रिकामे का उभे आहात?’ या प्रश्नाला उत्तर येते: आम्हाला कोणी कामावर लावले नाही. आळसाचा आरोप आणि त्याचे उत्तर, दोन्ही लागोपाठ. गटातल्या सुस्थित माणसांना विचारा की आपण रिकाम्या माणसाकडे पाहून त्यांतले कोणते वाक्य म्हणतो.

दिनाराचे मोलही काढा. तो दिवसाच्या मजुरीचा सामान्य दर होता. प्रकटीकरण ६:६ मध्ये दुष्काळाचा भाव दिला आहे: एका दिनाराला एक माप गहू किंवा तीन मापे जव. ते माप सुमारे एका लिटरचे, एका माणसाच्या दिवसाच्या अन्नाइतके. म्हणजे दुष्काळात दिवसभराच्या कष्टांतून एकट्याचेच पोट भरे, एरवी घरातल्या आणखी काहींचे. आता दिनाराचा बारावा भाग काढा. तासाभराच्या कामाला हिशेबाने तेवढेच मिळाले असते. त्यात कोण जेवले असते? हे गणित कागदावर झाले की मालक सगळ्यांना पूर्ण दिनार का देतो ते सांगावे लागत नाही. पोट तासांवर चालत नाही. मग आजची आकडेमोड करा: आजची मजुरी, वजा खोलीभाडे, वजा जाण्यायेण्याचा खर्च, बाकी किती किलो पीठ?

पुढे मतभेद होईल, आणि तो होऊ द्यावा. मालक म्हणजे देव आणि त्याचे औदार्य, हे जुने वाचन. मत्तयाने ‘पहिले ते शेवटले’ हे वाक्य दाखल्याच्या आधी १९:३० मध्ये आणि शेवटी २०:१६ मध्ये ठेवले आहे, त्यामुळे त्या वाचनाला मजकुराचा आधार आहे. काही अभ्यासक उलट म्हणतात: हा मालक बड्या जमीनदारासारखा वागतो, मुद्दाम शेवटच्यांना आधी पैसे देतो, मजुरांना आपसांत भांडायला लावतो, आणि तक्रार करणाऱ्याला ‘मित्रा’ म्हणून वाटेला लावतो. मत्तयात हा विशिष्ट शब्द तीनदाच येतो (२०:१३, २२:१२, २६:५०), आणि तिन्ही वेळा बोलणाऱ्याचा सूर आपुलकीचा नाही. पंधराव्या वचनातल्या ‘जे माझे आहे त्याचे मी हवे ते करीन’ यासमोर लेवीय २५:२३ ठेवा, जिथे देव म्हणतो की भूमी माझी आहे, तुम्ही उपरे आहात. आमच्या मते पहिले वाचन मत्तयाच्या मांडणीशी जास्त जुळते, पण दुसऱ्या वाचनाने उठवलेला प्रश्न दाबून टाकू नये. दोन्ही बाजू वहीत लिहा. एकाच बैठकीत निकाल लावायचा हट्ट धरला की शिकलेला माणूस जिंकतो आणि गट गप्प होतो.

तुलना कशी करायची

इथे सर्वांत जास्त गाडी घसरते. ‘मालक म्हणजे अमुक बिल्डर, फारो (बायबलमधला मिसरचा जुलमी राजा) म्हणजे अमुक पुढारी’ अशी जोडी लावायची घाई होते. ब्राझीलचे क्लोदोव्हिस बॉफ यांनी १९७८ मध्ये याचा धोका दाखवून दिला: माणसाला माणूस जोडू नका, नात्याला नाते जोडा. शाळेतले त्रैराशिक आठवा. तेव्हाचा मजूर तेव्हाच्या मळेवाल्याशी आणि नियमशास्त्राशी ज्या नात्याने बांधला होता, त्या नात्यात आजचा मजूर कोणाशी बांधला आहे? तीन पदे हाताशी असतात, चौथे पुस्तकात छापलेले नसते. ते डाव्या-उजव्या पानांच्या वहीतूनच शोधावे लागते, आणि गणितासारखे ते अचूकही निघत नाही.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला २४:१४–१५ हा उतारा घेऊन हे करून पाहा. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागला आहे. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांची आरोळी देवाच्या कानी जाते. आता याच शहराचा इतिहास समोर ठेवा. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटरच्या (बंद कंपनीची देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हाती आला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळच्या दिवशी. बत्तीस वर्षांत कित्येक कामगार वारले आणि दावा विधवांच्या, मुलांच्या नावावर चालत राहिला. इथे कोणी एक फारो शोधून सापडत नाही. कर्ज देणाऱ्या संस्था, न्यायालये, जमिनीची मालकी, सरकार, सगळ्यांच्या फायली आहेत. त्यामुळे प्रश्न बदलतो: ‘सूर्य मावळण्याच्या आत’ हा नियम मोडतो तेव्हा तो कोणत्या टेबलांवर मोडतो? नात्याची तुलना केल्यावर असा प्रश्न निघतो, आणि तो घोषणेपेक्षा पुष्कळ दूर नेतो.

तुलनेची दिशा दोन्हीकडून हवी. उरुग्वेचे येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू हुआन लुइस सेगुंदो यांनी १९७५ मध्ये जे वर्तुळ मांडले, त्याचा गाभा असा: जगण्यातला अनुभव आपल्या समजुतींवर संशय घ्यायला लावतो, तो संशय रूढ अर्थापर्यंत पोचतो, रूढ अर्थाने काय वगळले ते दिसते, आणि नवा अर्थ घेऊन माणूस पुन्हा जगण्याकडे येतो. पण तिथे वर्तुळ थांबत नाही. मजकुराने आपल्यालाही प्रश्न विचारले पाहिजेत. प्रत्येक बैठकीत निदान एकदा विचारा: या उताऱ्यातले कोणते वाक्य आपल्या विरुद्ध जाते? उत्तर आले नाही तर समजा की आपण आपलेच म्हणणे वचनांना चिकटवत बसलो आहोत.

नहेम्या या पुस्तकाचा पाचवा अध्याय हा या कामाचा उतारा आहे. शेते, मळे, घरे गहाण. धान्यासाठी मुले-मुली गुलामीत. कर्ज देणारे परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. ११ व्या वचनातला ‘शंभरावा भाग’ बहुतेक अभ्यासक महिन्याचे व्याज धरतात, म्हणजे शेकडा एक. गावाकडे चांदीचे दागिने ठेवून आज शेकडा किती लागतो ते गटालाच विचारा. मग दहाव्या वचनावर या, जिथे नहेम्या कबूल करतो की मी आणि माझे भाऊही उसने देत आलो आहोत. गटात कोणी व्याजाने पैसे देत असेल, मोलकरणीचा पगार सुट्टीच्या दिवसांचा कापत असेल, चर्चमध्ये जातीने वेगळा बसत असेल, तर त्याच्याबद्दल बोलायची जागा ही आहे.

जिथे सावध राहायचे

निर्गमाची, म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची, गोष्ट या परंपरेचा कणा आहे: देव म्हणतो, मी माझ्या लोकांची विपत्ती पाहिली, त्यांचा आक्रोश ऐकला (निर्गम ३:७). पण त्याच गोष्टीत पुढे कनानी येतात, ज्यांची भूमी घेतली जाते, आणि अनुवाद ७ त्यांना निखालस नष्ट करायला सांगते. १९८९ मध्ये ओसेज जमातीचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट वॉरियर यांनी लिहिले की मूळ रहिवासी ही गोष्ट वाचतात तेव्हा ते कनान्यांच्या जागी असतात. नर्मदेच्या धरणांनी गाव बुडालेला भिलाला तुमच्या गटात बसला असेल तर ‘वचनदत्त देश’ (देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेली कनानची भूमी) हा शब्द त्याच्या कानी वेगळा पडतो. अशा गटात निर्गम ३ वाचल्यावर कनान जिंकल्याचे यहोशवा हे पुस्तक टाळू नका. वाचा, आणि राजे पहिले पुस्तक, अध्याय २१ मधला नाबोथाचा मळा त्याच्याशेजारी ठेवा, जिथे राजा वाडवडिलांची जमीन हडपतो आणि देव जमीनवाल्याची बाजू घेतो.

दुसरी चूक ऐतिहासिक आणि घातक आहे: परूशी (येशूच्या काळातला एक यहूदी धर्मपंथ), शास्त्री आले की ‘यहूदी लोक जुलमी’ असे बोलले जाते. येशू यहूदी होता, मरिया यहूदी होती, मजुरीचा नियम यहूद्यांच्या नियमशास्त्रातला. असे वाक्य आले की तिथेच दुरुस्त करा.

कॅथलिक गटांनी रोमची, म्हणजे व्हॅटिकनची, या ईशज्ञानाबद्दलची १९८४ आणि १९८६ ची दोन्ही निवेदने एकत्र वाचावीत. पहिल्यात मार्क्सवादी विश्लेषण बिनपारखता उचलण्याबद्दल इशारा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ती स्वातंत्र्य आणि मुक्तीचा विचार. फक्त पहिले दाखवून गट बंद करणारे भेटतात, आणि दोन्ही न वाचता पुढे जाणारेही.

शेवटची वीस मिनिटे: काय करायचे

ठराव एकच, छोटा, नावासकट आणि तारखेसकट. ‘अन्यायाशी लढू’ असे लिहिलेत तर पुढच्या वेळी विचारायला काही उरत नाही. बांधकाम कामगार मंडळात दोघांची नोंदणी करायची. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट आहे, म्हणून आजपासून हजेरीच्या तारखा वहीत लिहायच्या आणि कार्यालयात मराठी, हिंदी वाचता येणारा एक जण सोबत जाणार. एवढे पुरे.

मोठा ठराव करण्याआधी निर्गम ५ वाचा. विटा पाडणाऱ्या गुलाम इस्राएल लोकांचा पुढारी मोशे पहिली मागणी करतो तेव्हा सुटका होत नाही. फारो पेंढा बंद करतो आणि विटांची संख्या तीच ठेवतो, आणि लोक मोशेला दोष देतात. मागणी केली की आधी जाच वाढतो, हे या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे, आणि इंदूरला ते वेगळे सांगायची गरज नाही. उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून निघाल्या होत्या. वाटेतच त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात त्यांना धन्य (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. म्हणून नियम असा ठेवा: ज्याच्या रोजगारावर, खोलीवर किंवा जिवावर परिणाम होणार, त्याच्या होकाराशिवाय ठराव लिहायचा नाही. पगारदार माणसाने रोजंदारीवाल्याच्या नावाने शौर्य दाखवू नये. तो ‘अजून नको’ म्हणाला तर वहीत तेच लिहा, तारीख टाका, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात पुस्तक न उघडता त्याच पानापासून करा.